अकरा पोती आणि एक खिडकी

कशाकशाला 'हो' म्हणू नये याची एक यादी मी गेली काही वर्षं मनाशी बाळगून आहे. तिच्यात पहिल्या क्रमांकावर लग्नाच्या पंगतीत मठ्ठा वाढणं होतं. १९७१ च्या जूनपासून ते दुसऱ्या क्रमांकावर गेलं आणि पहिल्यावर बटाटा आला. तो तिथून हलेल असं मला वाटत नाही.

सुरुवात त्याच वर्षी मार्चमध्ये, मतदानाच्या दिवशी झाली. काष्टीच्या केंद्रावर मी बोटांना शाई लावायला होतो आणि शेजारच्या खुर्चीवर आमच्या तालुक्याचे शेतीचे विस्तार अधिकारी यादीवर खुणा करायला. दुपारी दोन ते चार एकही मतदार फिरकला नाही. रिकामा बसलेला सरकारी माणूस आपल्या खात्याबद्दल बोलू लागतो, आणि रिकामा बसलेला शास्त्राचा शिक्षक ते ऐकू लागतो. साहेबांनी मला बटाट्याच्या पाकोळीबद्दल सांगितलं. ही राखी रंगाची बोटाच्या पेरापेक्षा लहान पाकोळी साठवलेल्या बटाट्याच्या डोळ्यापाशी अंडी घालते. अळी डोळ्यातून आत शिरते, बटाटा पोखरते आणि उरलेला सडवते. मूळची ही आपल्याकडची नव्हेच. इंग्रजांच्या अमदानीत इटलीहून बियाण्याचे बटाटे आले, त्यांच्याबरोबर ती आली आणि राहिली.

"नुसती पावडर मारून ही हटत नाही," साहेब म्हणाले. "सगळे उपाय एकत्र करायचे. आधी निवड, मग वाळू, मग घाणेरीचा पाला, आणि शेवटी हिच्या अंड्यांत आपली अंडी घालून अळी आतून खाणारी बारीक माशी सोडायची. तालुक्यात एक प्रात्यक्षिक करायचंय. फक्त नोंदी ठेवायला कुणी सुशिक्षित माणूस मिळत नाही."

'सुशिक्षित' हा शब्द ऐकल्यावर माझी पाठ आपोआप ताठ झाली. पुढचं मी काय बोललो ते मला आठवत नाही, पण साहेबांनी माझं नाव लिहून घेतलं एवढं आठवतं. शामकांत नृसिंह जोशी, सहशिक्षक, शास्त्र. त्या दिवशी शाई फक्त मतदारांच्या बोटांना लागली असं लोक समजतात.

प्रात्यक्षिकाला बटाटे हवे होते. आम्ही नवराबायको तेव्हा काष्टीपासून दीड मैलावर मच्छिंद्रच्या मळ्यातल्या दोन खोल्यांत भाड्यानं राहत होतो. मच्छिंद्रची बायको राहीबाई दर वर्षी उन्हाळ्यात बियाण्याचे बटाटे राखायची. आमच्या खिडकीसमोरच्या निंबाखाली जमीन थोडी खोदून त्यात बटाट्यांचा ढीग लावायचा, वरून उसाचं पाचट घालायचं आणि जूनपर्यंत ठेवायचा. त्याला अरण म्हणतात. त्या वर्षी तिच्याकडे अकरा पोती होती. स्वतःच्या मळ्यातली, तिनं स्वतः एकेक हातानं निवडलेली. जूनची लावण सगळी त्यावर होती.

मी तिला पाकोळीचं सगळं पुराण सांगितलं. इटलीचा भाग जरा रंगवून सांगितला.

"म्हंजी ही आळी परमुलकातली हाय?" राहीबाई म्हणाली.

"हो."

"मंग तिला माघारी धाडा की."

तेच करायचं आहे, असं मी म्हणालो. मग तिनं विचारलं, "मास्तर, आमची अरण आमी दरसाल लावतो. चार-दोन पाट्या किडतात, बाकी निघतं. तुमच्या रीतीनं लावली तर जूनमधी लावायला मिळंल नव्हं?"

"मिळणारच," मी म्हणालो. "माझा शब्द."

घरात हे ऐकत असलेल्या माझ्या बायकोनं, सुनीतीनं, हातातली कात्री खाली ठेवली. "अहो, तुम्ही आजवर एक कुंडी जगवली नाहीत," ती म्हणाली. हे खरं होतं, पण कुंडीच्या वेळी माझ्या हातात सरकारी पत्रक नव्हतं.

साहेबांनी दिलेल्या त्या पत्रकात आठ कलमं होती. पहिली सहा आम्ही अगदी चोख पार पाडली. डोळ्यापाशी काळी भुकटी दिसणारा प्रत्येक बटाटा बाजूला काढून खोल पुरला. घोड नदीची कोरडी वाळू बैलगाडीनं आणून ढिगावर दोन बोटं थर दिला. घाणेरीचा पाला तोडताना माझे हात कोपरापर्यंत ओरबाडले आणि अंगाला जो वास लागला, त्यामुळे स्टाफरूममध्ये दोन दिवस माझ्या शेजारची खुर्ची मोकळी राहिली. पण अरण अशी झाली की बघत राहावं. मळ्यावर येणारा प्रत्येक जण ती बघून जाई, आणि जाताना एक सल्ला ठेवून जाई.

शेजारच्या मळ्यातला छगन रोज यायचा. "मास्तर, सगळे उपाय एकत्र म्हनताय, मंग पावडर का न्हाई?" त्याच्याकडे बीएचसी या कीडनाशक पावडरीचं अर्धं पोतं होतं आणि ते वापरून टाकायला तो वर्षभर निमित्त शोधत होता. मी त्याला समजावलं की पावडर मारली तर आपली मित्र माशीही मरेल. "आपली म्हंजी?" त्यानं विचारलं. "ती तर अजून आलीच न्हाई." मच्छिंद्रनं मढीच्या कानिफनाथांचा अंगारा आणून चारी कोपऱ्यांना टाकला. त्याला मी हरकत घेतली नाही. राखेनं किडीचं काही बिघडत असलं तर बरंच, आणि बिघडत नसलं तर नाथांशी वाकडं कशाला घ्या. राहीबाईचं म्हणणं एकच होतं. धान्याच्या कणगीला, गोठ्याला, बाळंतिणीच्या खोलीला संध्याकाळी निंबाच्या पाल्याची धुरी करायची, तर अरणीला का नाही. मी म्हणालो, माशी गुदमरेल. ती 'बरं' म्हणाली.

माशी बंगलोरच्या एका प्रयोगशाळेतून पोस्टानं यायची होती. सातवं कलम तेच होतं. एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात पोस्टमननं निरोप दिला की तुमचं पार्सल आलंय, पण पोस्टमास्तरांनी अडवलंय. गेलो. पोस्टमास्तर राधाकृष्ण कुलकर्णी हे माझ्या ओळखीचे, अत्यंत सरळ गृहस्थ. त्यांच्या टेबलावर पत्र्याचा डबा होता, आणि ते खुर्ची भिंतीला लावून त्याच्यापासून शक्य तितके लांब बसले होते.

"आत काय आहे?"

"मेलेल्या अळ्या."

"मग यावर 'जिवंत' असं का लिहिलंय?"

"कारण अळ्यांच्या आत माश्या आहेत. एकेका अळीत तीस-चाळीस. त्या जिवंत आहेत."

कुलकर्ण्यांनी चष्मा पुसला. "जोशी, रजिस्टरात एकच रकाना आहे. जिवंत की निर्जीव. मी दोन्ही लिहू शकत नाही. जिवंत लिहायचं तर जनावरांच्या डॉक्टरचा दाखला लागतो."

जनावरांचे डॉक्टर श्रीगोंद्याला. मी सायकलवर गेलो. डॉक्टरांनी शांतपणे सगळं ऐकलं आणि विचारलं, पाय किती? मी म्हणालो, माशीला सहा, आणि अळी मेलेली असल्यामुळे तिचे मोजलेले नाहीत. ते म्हणाले, त्यांचा अधिकार चार पायांपर्यंत आहे, कोंबडीला दोन पाय असूनही ते तपासतात ती वरून सवलत आहे. शेवटी त्यांनी कागदावर लिहून दिलं की, 'सदर डब्यातून माणसास अगर गुरास धोका दिसून येत नाही. डबा उघडून पाहिला नाही.' त्या दाखल्यावर शिक्का घ्यायला परत जावं लागलं, कारण पहिल्या दिवशी शिक्का जेवायला गेलेल्या शिपायाकडे होता. असे सहा दिवस गेले. डबा सुटला तेव्हा आतल्या माश्या अळ्यांतून बाहेर पडून बऱ्याचशा डब्यातच वारल्या होत्या. चिमूटभर जिवंत होत्या. त्या मी अरणीजवळ समारंभपूर्वक सोडल्या. समारंभाला आठ-दहा माणसं होती, आणि कुणालाही काहीही दिसलं नाही.

"मास्तरांनी किडं मारायला बंगलोरावरनं किडं आनलं," ही बातमी शनिवारच्या बाजारात माझ्या आधी पोहोचली. वांगी घेताना एका म्हातारीनं मला फार मायेनं विचारलं, "बरं हाय ना घरी?"

आता आठवं कलम. त्याचे शब्द मला झोपेतून उठवलं तरी सांगता येतील: 'शेतकऱ्यांनी अरण वारंवार उघडू नये.' याच साहेबांनी दिलेल्या नोंदीच्या छापील फॉर्मात मात्र लिहिलं होतं: 'आतील बटाट्यांची साप्ताहिक स्थिती.' न उघडता आतली स्थिती कशी लिहायची, हे दोन्ही कागदांत नव्हतं. मी विचार केला. आठव्या कलमात 'शेतकऱ्यांनी' असं स्पष्ट म्हटलं आहे. मी शेतकरी नाही. मी निरीक्षक आहे. हा विचार मला त्या वेळी इतका बिनतोड वाटला की मी तो सुनीतीलाही सांगितला. ती काही बोलली नाही. तिचं न बोलणं मी मान्यता समजतो, ही माझी जुनी चूक आहे.

शाळेतल्या एका फुटक्या पाटीची लाकडी चौकट आणून मी ती अरणीच्या पश्चिम अंगाला, घराकडच्या बाजूला बसवली. वीतभर लांब, वीतभर रुंद. त्यावर गोणपाटाचा पडदा. झाली अरणीची खिडकी. पडदा वर करायचा, वाळू सारायची, पाच-सहा बटाटे काढून भिंगातून बघायचे, परत ठेवायचे, वाळू ओढायची. फॉर्म आठवड्याचा होता, पण आठवड्यातून एकदा डोकावून कुणाचं समाधान होतं? परीक्षेच्या वर्गात पर्यवेक्षक दर पाच मिनिटांनी फेरी मारतो, ती काही पोरं सुधारावीत म्हणून नव्हे. बघितल्याशिवाय त्याला चैन पडत नाही. मी दर तीन दिवसांनी, मग दिवसाआड, आणि मेच्या सुट्टीत रोज बघू लागलो. दिवसा उन्हाचा तडाखा फार, म्हणून दिवेलागणीला जायचो. वहीत नोंद करायचो: 'स्थिती समाधानकारक.' अशा एकोणचाळीस नोंदी आहेत. मध्ये एकदा साहेब येऊन निंबाखाली चहा प्याले, वही चाळली, खिडकी पाहिली आणि म्हणाले, "अशी तळमळ हवी." तो दिवस माझ्या बटाट्याच्या आयुष्यातला सर्वांत सुखाचा होता.

चाळिसाव्या नोंदीला भिंगाची गरज पडली नाही. खिडकीतून वास आला.

जूनच्या पहिल्या आठवड्यात अरण फोडली. मच्छिंद्र, राहीबाई, छगन, सुनीती आणि मी. पाचट काढलं, पाला काढला, वाळू ओढली, आणि मच्छिंद्रनं फावडं घातलं तर ते मऊ लगद्यात रुतलं. काळं पाणी वाहत निंबाच्या बुंध्याशी गेलं. राखी पाकोळ्यांचा एक लोट उठला आणि आमच्या डोळ्यांसमोरून छगनच्या मळ्याकडे गेला. अकरा पोत्यांतून एक पाटी धड बटाटे निघाले. ते राहीबाईनं पदरानं पुसले आणि बाजूला ठेवले. मला वाटलं, आता ही मला काहीतरी बोलेल. बोलावं, असं फार वाटलं.

ती जमिनीवर बसली आणि म्हणाली, "म्या केलं हे."

कुणाला काही कळेना. "मास्तरांनी नगं म्हनलं हुतं," ती म्हणाली. "म्या ऐकलं न्हाई. चार-पाच येळा धुरी केली चोरून, ह्या उगवतीच्या अंगाला. तुमी शाळंत गेल्यावर. माशा गुदमारल्या, मास्तर. म्या मारल्या."

आणि ती रडू लागली. या बाईला मी कधी रडताना पाहिलं नव्हतं. बैल विहिरीत पडला तेव्हाही ती दोर आणायला धावली होती.

यावर छगननं टोपी काढली. "वहिनी, तुमी न्हाई. म्या पावडर मारली. एकदाच. थोडीशी. अर्ध्यातली अर्धी." मच्छिंद्र म्हणाला, अंगारा आणताना आपण मढीला नवस बोललो होतो आणि तो फेडायचा राहिला, तेव्हा दोष आपलाच. ते तिघं एकमेकांच्या चुका ओढून घेऊ लागले आणि मी हातात खिडकीची चौकट घेऊन उभा होतो.

माझ्या आतला शास्त्राचा शिक्षक अशा वेळी जरा उशिरा जागा होतो, पण होतो. मी वही काढून ढिगाचा नकाशा काढला. खिडकीपाशी बटाट्यांची अक्षरशः चाळण झाली होती. तिथून जसजसं लांब जावं तसतशी पोखर कमी, सडच जास्त. पाकोळी दिवेलागणीला उडते, हे पत्रकाच्या पहिल्याच परिच्छेदात छापलेलं होतं. म्हणजे ती जेव्हा घर शोधत फिरे, नेमका त्याच वेळी मी रोज तिच्यासाठी पडदा वर धरून उभा असे. आणि ती एक पाटी धड बटाटे कुठून निघाले, तर उगवतीच्या अंगाकडून. राहीबाई जिथं धुरी करायची, तिथून. मी नकाशा दोनदा तपासला. तिसऱ्यांदा तपासायचं धैर्य झालं नाही.

"थांबा," मी म्हणालो. "हे माझ्यामुळे झालं. या खिडकीमुळे. धुरीनं काहीही बिघडलं नाही, उलट धुरीच्या बाजूचेच बटाटे वाचलेत. दोष संपूर्ण माझा आहे."

मग छगन टोपी छातीशी धरून मच्छिंद्रला म्हणाला, "बघ. शिकल्याला मानूस असा असतो. दुसऱ्याच्या चुका सवताच्या अंगावर घेतो."

मी नकाशा दाखवला. त्यांनी तो फार आदरानं पाहिला. मी चौकट हलवून दाखवली. मच्छिंद्रनं ती माझ्या हातातून हळूच काढून घेतली आणि म्हणाला, "मास्तर, लई मनाला लावून घिऊ नगा." मी आवाज चढवला तेव्हा राहीबाईनं सुनीतीला सांगितलं, "बाई, ह्यास्नी घरात न्या. ऊन लागलं." वीस वर्षं मुलांना शिकवतो आहे. माझी एक गोष्ट सगळ्या वर्गानं एकमतानं चुकीची समजून घ्यावी, असा प्रसंग तोवर आला नव्हता.

मला वाटलं, सरकारी कागदावर तरी खरं लागेल. साहेब आले. फॉर्मात 'अपयशाचे कारण' असा रकाना होता, एक ओळीचा. त्यांनी राहीबाईचं ऐकून लिहायला घेतलं: 'लाभार्थीने अज्ञानामुळे केलेली धुरी.' मी त्यांचं पेन धरलं. म्हणालो, निरीक्षकाने पाडलेली खिडकी, असं लिहा. साहेबांनी मला अरणीपासून लांब नेलं.

"जोशी, निरीक्षकाची चूक लिहायला यात जागा नाही."

"मग मागच्या बाजूला लिहा."

"मागची बाजू जिल्ह्याला पाहत नाहीत." मग ते म्हणाले, "शिवाय ती खिडकी मीही पाहिली होती. चहा पिताना."

ते खरं तर वाईट माणूस नव्हते. त्यांनी माझा हात दाबला आणि ओळ तशीच ठेवली. फॉर्म नगरला गेला. एक पाटी बटाट्यांतले दहा-बारा राहीबाई सुनीतीला एकादशीसाठी देऊन गेली, आणि बटाट्याच्या जमिनीत त्यांनी बाजरी पेरली. मी एकादशीला जेवलो नाही. उपास होता म्हणून, असं सुनीतीला सांगितलं. तिनं ताट झाकून ठेवलं.

जुलैमध्ये एका संध्याकाळी मच्छिंद्र आमच्या दारात आला. म्हणाला, "मास्तर, जरा बोलता का तिच्याशी? धुरीच सोडलीया तिनं. गोठ्यात डास अन् गोमाशा. गाय दूध देईना. लई सांगितलं, ऐकत न्हाई."

मी गेलो. गाय शेपटी आपटत होती, राहीबाई ओट्यावर हाताला चापट्या मारत ज्वारी पाखडत होती. मी पुन्हा पहिल्यापासून सांगितलं. खिडकी, दिवेलागण, नकाशा, उगवतीची बाजू. ती सुपातले खडे वेचत ऐकत राहिली. "व्हय," ती म्हणाली. "तुमी चांगलं बोलता, मास्तर. तुमाला माज्या मनाची काळजी हाय, ठावं हाय मला."

मी निंबाचा पाला ओरबाडला, चुलीतला निखारा खापरीत घेतला आणि आयुष्यात पहिल्यांदा स्वतःच्या हातानं धुरी केली. फुंकताना डोळ्यांतून पाणी आलं. धूर गोठ्यात शिरला, गायीची शेपटी जरा थांबली, आणि मला वाटलं, झालं, हिच्या डोळ्यांदेखत झालं.

राहीबाई उठली. तिनं रांजणातून तांब्या भरला आणि माझ्या खापरीवर हळूहळू सगळा ओतला.

"नगं, मास्तर," ती म्हणाली. "केली तेवढी बास."